शक्तिमान आवडतो, पण गंगाधर कळला का?

या पानावर आपण नेहमी घरातल्याच गोष्टी बोलतो. तुरीच्या डाळीला किडे लागू नयेत म्हणून काय करावं, उन्हाळ्याची वाळवणं किती घालावीत, लग्नाच्या आहेरात हात किती सैल सोडावा, हे आपले विषय. आजचा विषयही घरातलाच आहे. फक्त तो स्वयंपाकघरातून आलेला नाही, टीव्हीतून आला आहे आणि गेल्या काही वर्षांत मोबाइलमधून पुन्हा आला आहे. विषय आहे शक्तिमानचा.

हसू नका हं! तुमच्यापैकी कितीतरी जणी १९९७ साली शाळेत जात होत्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरात दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली आणि २००५ सालच्या मार्चपर्यंत चालली. पुढे पुढे रविवारची दुपार म्हणजे शक्तिमानची वेळ हे ठरूनच गेलं होतं. आई हाका मारते आहे, ताटं वाढली आहेत, आणि आपण टीव्हीसमोरून हलत नाही. नेमकी त्याच वेळी लाइट गेली तर ज्याच्या घरी बॅटरीवर टीव्ही चालतो त्याच्याकडे साऱ्या गल्लीनं धावायचं. आठवतं ना? त्याच मुली आता आया झाल्या आहेत आणि त्यांची मुलं तेच जुने भाग मोबाइलवर बघत आहेत. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत दूरदर्शननं मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा तर आई आणि लेकरू एकाच सतरंजीवर बसून बघत होते.

असं असताना अकोल्याच्या एका भगिनीचं पत्र आलं. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा. गळ्यात टॉवेल बांधून दिवसभर घरात गोल गोल फिरतो. एक दिवस जिन्याच्या पाचव्या पायरीवरून त्यानं उडी घेतली. कोपर सुजलं, प्लास्टर बसलं. पण आईला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. दवाखान्यातून घरी आल्यावर मुलगा दुखण्याबद्दल बोलला नाही. तो म्हणाला, "आई, मी पडलो तं तो काऊन नाही आला वं?"

त्या विचारतात, याला मी काय सांगू? ते सगळं खोटं आहे, असं सांगून मोकळी होऊ का? त्यांच्या सासूबाई म्हणतात, "टीव्हीच बंद कर बापा, सारा घोर त्याचाच हाय." यजमान म्हणतात, आम्ही नाही का पाहिला शक्तिमान, आम्हाला काय झालं?

या पत्राला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही. कारण ज्या मुलाला एखादा माणूस इतका आवडतो, त्याच्या मनात काहीतरी चांगलं उगवलेलं असतं. ते तणासारखं उपटून फेकायचं की खुरपून जपायचं, हा खरा प्रश्न आहे. म्हणून आधी पाहू या, या शक्तिमानात आवडण्यासारखं आहे तरी काय.

आपण आठवून आठवून सांगू लागलो तर आधी काय सांगू? तो उडतो, गोल फिरतो, छातीवर सोनेरी चक्र आहे. मुलंही हेच सांगतात. पण हे झाले कपडे आणि करामती. गुण निराळे आहेत. मला त्याचे पाच गुण मोठे वाटतात.

पहिला गुण असा की त्याची शक्ती आयती नाही. परदेशातल्या बहुतेक अशा वीरांना शक्ती अपघातानं मिळते. सुपरमॅन १९३८ साली अमेरिकेतल्या चित्रकथेतून आला. तो दुसऱ्या ग्रहावर जन्मला म्हणून बलवान. स्पायडरमॅनला कोळी चावला म्हणून बळ आलं. आपल्या शक्तिमानला मात्र सात गुरूंच्या हाताखाली साधना करावी लागली, योगानं शरीरातली चक्रं जागी करावी लागली. आता त्या चक्रांचं काय खरं नि काय कल्पनेचं, ते सोडून द्या; ती गोष्ट आहे. पण गोष्टीतला अर्थ लेकराला कळतो, की आधी कष्ट, मग बळ. परीक्षेच्या आदल्या रात्री देवाला नारळ कबूल करणाऱ्या आपल्या पोरांना हा अर्थ सांगण्यासारखा आहे की नाही?

दुसरा गुण म्हणजे बळ असून ते न मिरवणं. शक्तिमान एरवी कोण असतो? पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री! नाव एवढं लांब, आणि माणूस मात्र वर्तमानपत्राच्या कचेरीतला साधा छायाचित्रकार. दात पुढे, डोळ्यांवर जाड चष्मा, केस चापून बसवलेले. 'आज की आवाज' या त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळे त्याला हसतात. एका बोटानं तो त्या सगळ्यांना गप्प करू शकला असता. करत नाही. हसू देतो. मैत्रिणींनो, ज्याच्यात बळ नाही त्यानं गप्प बसणं वेगळं आणि बळ असून हसू गिळणं वेगळं. दुसरं फार अवघड असतं. चारचौघांत जाऊबाई आपल्या भाजीला नाव ठेवतात, तेव्हा आपल्याला ते चांगलंच कळतं.

तिसरा गुण, त्यानं शक्ती स्वतःसाठी वापरली नाही. त्याच्या जागी आपण असतो तर? बडनेऱ्याची गाडी चुकली, उडालो. गॅसच्या नंबरासाठी रांग लागली, उडालो. गंगाधर मात्र नोकरी करतो, साहेबाची बोलणी खातो. शक्ती दुसऱ्याच्या अडचणीसाठी आहे, आपल्या सोयीसाठी नाही, हा त्याचा नेम.

चौथा गुण मला फार आवडतो. त्याचा वैरी कोण? तमराज किलविश, काळोखाचा राजा. हा काळोख बाहेर कुठे रानात राहत नाही, माणसाच्या मनात घर करतो असं ती गोष्ट सांगते. म्हणून शक्तिमानची लढाई वाईट माणसाशी कमी आणि माणसातल्या वाईटाशी जास्त. चुकलेल्याला तो परत यायला वाट ठेवतो. आपण मुलाला रागावताना "तू वाईटच आहेस" म्हणतो की "हे तू वाईट केलंस" म्हणतो? दोन वाक्यांत शब्द जवळपास तेच आहेत. पण पहिल्या वाक्यानं दार लागतं आणि दुसऱ्यानं उघडं राहतं.

आणि पाचवा गुण म्हणजे त्या मालिकेतल्या छोट्या छोट्या शिकवणी. भाग संपताना एखादं मूल काहीतरी चुकीचं करताना दिसायचं. कुणी कचरा रस्त्यावर टाकतोय, कुणी खोटं बोलतोय. शक्तिमान यायचा, समजावून सांगायचा आणि मूल म्हणायचं, "सॉरी शक्तिमान!" बस. ना मार, ना "शेजारच्या पिंटूकडे बघ" असली तुलना. चूक दाखवली, मुलानं मानली, विषय संपला. आपल्या घरात विषय संपतो का हो? सकाळी दूध सांडलं तर ते संध्याकाळी बाबा आल्यावर पुन्हा सांडतं आणि रविवारी मामा आला की तिसऱ्यांदा सांडतं!

एक पात्र मात्र आपण विसरतो, ते म्हणजे गीता विश्वास. ती बातमीदार आहे. उडता येत नाही, गोल फिरता येत नाही. हातात लेखणी आणि मनात खरं शोधून काढायची ओढ, एवढंच तिचं बळ. तरी जिथे धोका आहे तिथे ती आधी पोचते. घरात लेक असेल तर तिला हे नक्की दाखवा. मुलींनी नेहमी "वाचवा, वाचवा" म्हणत उभं राहायचं, असं या गोष्टीतही नाही.

तर असे हे गुण. मग बिघडतं कुठं?

बिघडतं ते असं की सहा-सात वर्षांच्या मुलाला खरं आणि खेळातलं यामधली रेघ पुसट दिसते. शिवाय गुण डोळ्यांना दिसत नाहीत, करामत दिसते. साधना दोन मिनिटं दाखवतात आणि उडणं वीस मिनिटं. मालिका जोरात चालू होती त्या काळात, काही मुलांनी शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. त्यांवर वादही बराच झाला. शक्तिमानचं काम करणारे मुकेश खन्ना, म्हणजे 'महाभारता'तले आपले भीष्म पितामह, यांनी मग टीव्हीवरूनच मुलांना सांगितलं की या करामती करू नका. तेव्हा यजमानांचं "आम्हाला काय झालं?" हे म्हणणं पुरतं खरं नाही. आपल्याला काही झालं नाही, कारण बहुतेक वेळा शेजारी कुणीतरी मोठं माणूस बसलेलं होतं आणि ते म्हणत होतं, "अरे, ते तारेनं लटकवलेलं असते." आज मूल खोलीच्या कोपऱ्यात एकटं मोबाइल घेऊन बसतं. हे सांगणारं तिथे कुणी नसतं. फरक हा आहे.

म्हणून सासूबाईंचं "बंद कर" हेही पुरतं बरोबर नाही. शक्तिमान बंद केलात तर दुसरा कोणी येईल, आणि तो याच्याइतकाही सभ्य असेल याची खात्री नाही. बंद करायचं ते एकटं बघणं.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. "तो काऊन नाही आला?"

ताई, त्याला "ते सगळं खोटं" असं एकदम सांगू नका. त्यानं त्याचा देव फुटतो आणि आपण फसवले गेलो एवढंच मनात राहतं. आणि "तू मस्ती केलीस म्हणून नाही आला" असं तर मुळीच सांगू नका. त्यातून तो हे शिकेल की शहाण्यासारखं वागून उडी मारली तर तो येईल! खरं तेच सांगा, पण गोडीनं सांगा. म्हणा, "राजा, शक्तिमान ही गोष्ट आहे. गोष्टीतला माणूस गोष्टीतच येतो. तू पडलास तेव्हा कोण आलं होतं?" आणि त्याला आठवू द्या. आई धावत आली. शेजारच्या काकांनी गाडी काढली. दवाखान्यात नर्सताईंनी हात धरला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. यातला एकही जण उडत आला नाही, पण सगळे आले. मुलाला बोटं मोजून म्हणायला लावा. एका हाताची बोटं अपुरी पडतील.

आणि गोष्टीतला गंगाधर त्याला अंगणात दाखवायचा असेल तर आपल्याला लांब जायला नको, वऱ्हाडची माती या बाबतीत श्रीमंत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परिटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले. बाप लवकर गेला. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गुरं राखत, शेती करत वाढले. १९०५ साली घर सोडलं आणि अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा घेऊन गावोगाव फिरू लागले. तेच आपले गाडगेबाबा. गावात आले की आधी खराटा हाती घेऊन नाल्या साफ करायचे. लोक वेडा म्हणायचे, हसायचे. बाबा हसू द्यायचे. रात्र झाली की त्याच गावात कीर्तन, आणि सकाळी हसलेली माणसं रात्री गप्प बसून ऐकायची. कीर्तनातही उपदेशाचा मारा नाही, लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला.

सांगा बरं, वेश साधा, लोकांनी हसायचं आणि आत केवढी शक्ती! पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी या माणसानं धर्मशाळा उभ्या केल्या, लाखो रुपये गोळा केले आणि स्वतःसाठी एक खोली ठेवली नाही. कुणी पाया पडायला आलं तर दूर व्हायचे. माझा कोणी शिष्य नाही म्हणायचे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला येताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे. मुलाला घेऊन एखाद्या रविवारी तिथे जा. अमरावतीला गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. सांगा, हा बघ आपला गंगाधर. यानं कधी चष्मा काढून कपडे बदलले नाहीत, हा चिंध्यांतच शक्तिमान होता.

आणि ज्या मुलाला गोल फिरल्याशिवाय चैनच पडत नाही त्याचं काय? त्याच्या अंगातली रग कोंडून ठेवू नका, तिला वाट द्या. अमरावतीच्या मैत्रिणींना सांगायला नको. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ गावातच आहे. १९३६ साली इथलेच खेळाडू थेट बर्लिनच्या ऑलिंपिकला गेले आणि तिथे त्यांनी भारतीय व्यायाम आणि खेळ करून दाखवले. मल्लखांबावर उलटं लटकून पाहिलं की मुलाला दोन गोष्टी कळतात. माणसाला खरोखर जवळजवळ उडता येतं, ही एक. आणि त्यासाठी रोज पहाटे उठावं लागतं, ही दुसरी! अकोल्यातही तालमी आहेत, व्यायामशाळा आहेत, मैदानं आहेत. सहा महिने शिस्तीनं गेलेलं मूल जिन्यावरून उडी मारत नाही. कुठून मारायची आणि कशी उतरायची हे त्याला ठाऊक झालेलं असतं.

आता थोडं घरकामाचं. ही यादी कात्रण काढून फ्रीजवर लावली तरी चालेल.

टॉवेल किंवा ओढणी मुलाच्या गळ्याभोवती गाठ मारून कधीही बांधू नका. खिडकीच्या कडीत, दाराच्या कोयंड्यात अडकली की फास बसतो. हौसच असेल तर शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर टिचबटणं शिवा आणि कापड त्यांना लावा. ओढ बसली की सुटून येईल. जुन्या साडीच्या तुकड्यात छान होतं.

गच्चीच्या दाराची कडी मुलाचा हात पोचणार नाही इतकी वर लावा. उन्हाळ्यात आपण वाळवणासाठी आणि रात्री झोपण्यासाठी गच्चीवर जाणारी माणसं. कुरड्या-पापड घालायच्या घाईत दार उघडं राहतं. गच्चीला कठडा नसेल तर मुलाला एकटं वर सोडूच नका. कठड्याजवळ खाट, पिंप, विटांचा ढीग ठेवू नका. त्याच पायऱ्या होतात.

काडेपेटी, रॉकेल, इस्त्री, पाण्याचा हौद यांच्याशी "शक्तिमान शक्तिमान" खेळायचं नाही, हे खेळ सुरू होण्याआधी एकदा सांगा. खेळ रंगल्यावर कोणी ऐकत नाही.

मूल पडलं आणि हात सुजला, वाकडा दिसू लागला, तर तो चोळू नका, ओढून सरळ करू नका. हळद-तुरटीचा लेप लावून "रात्रभर पाहू" असंही करू नका. जाड वर्तमानपत्राची घडी किंवा फूटपट्टी हाताखाली ठेवून, ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवा आणि दवाखान्यात न्या. डोक्यावर पडलं असेल आणि उलटी झाली, गुंगी आली, बेशुद्ध पडलं, मूल वेडंवाकडं बोलू लागलं किंवा नाका-कानातून पाणी वा रक्त आलं, तर एक क्षणही थांबू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे संकटात हाक कुणाला मारायची ते मुलाला शिकवा. शक्तिमानला नाही. ११२ हा आकडा पाठ करून घ्या. कुठल्याही संकटाला तो चालतो. रुग्णवाहिकेला १०८. आगीला १०१. लहान मुलांच्या मदतीला १०९८. सोबत तुमचा आणि शेजारच्या एका घरचा नंबर, आणि आपला पूर्ण पत्ता. सहा वर्षांचं मूल हे सहज पाठ करतं. पाढे नाही का करत? आठवड्यातून एकदा खेळ म्हणून विचारा, "आई चक्कर येऊन पडली, आता तू काय करशील?" या खेळात मूल वाट बघणारं राहत नाही, धावून जाणारं होतं. म्हणजे शक्तिमान कोण झालं, सांगा बरं?

बघायचंच असेल तर एक भाग बघा, बरोबर बसून. हातात निवडायची मेथी असली तरी चालेल, पण शेजारी बसा. संपल्यावर एकच प्रश्न विचारा, "आज गंगाधरनं काय केलं?" शक्तिमाननं नव्हे, गंगाधरनं. पहिल्या दिवशी मूल गोंधळेल. चौथ्या दिवशी आपणहून सांगेल, "तो खोटं नाही बोलला", "त्याले सारे हासले पण तो रडला नाही." तुम्हाला हवं होतं ते त्याच्या हाती लागलं, असं समजा.

"सॉरी शक्तिमान"ची रीतही घरात आणा, पण दोन्ही बाजूंनी. मुलानं चूक केली तर त्यानं म्हणायचं आणि आपण विनाकारण डाफरलो तर आपणही म्हणायचं. आईबापानं माफी मागितली की मान कमी होतो असं आपल्या घरांत मानतात. होत नाही. उलट पुढच्या वेळी लेकरू दडवत नाही, येऊन सांगतं.

जाता जाता एक गोष्ट तुमच्याबद्दल. हे वाचताना तुमच्या मनात आलंच असेल, की बाई, गोल गोल तर आम्हीही फिरतो! पहाटे पाण्याचा नळ, मग डबे, मग सासऱ्यांचं औषध, मुलांची शाळा, कुणाची नोकरी, कुणाचं दुकान, रात्री ओटा पुसेपर्यंत फिरणंच आहे. टाळ्या कोणी वाजवत नाही. घरात कधी कोणी कौतुकानं म्हणतं, "आमची आई म्हणजे शक्तिमान आहे, थकतच नाही." ऐकायला गोड वाटतं, पण मैत्रिणींनो, या कौतुकाला जरा जपून राहा. जिला थकवा येत नाही असं घरानं ठरवलं, तिला पाण्याचा तांब्या कोणी आणून देत नाही. न बोलता करत राहणं हा गंगाधरचा गुण खरा, पण त्याच गोष्टीत शक्तिमान ध्यानालाही बसतो, हे विसरू नका. बळ साठवायला त्यालाही वेळ लागतो. मग आपल्याला अर्धा तास का नको? दुपारी अर्धा तास दार लोटून पडा, वाचा, विणा, नाहीतर नुसत्या बसा. आणि घरातल्यांना तोंडानं सांगा, "मी दमले आहे, भांडी तुम्ही विसळा." मुलाला हेही दिसू द्या. ज्याची आई थकते हे त्याला कळलं आहे, तो मुलगा उद्या आपल्या बायकोलाही विचारील, "दमलीस का?"

तुमच्या घरी कोणता वीर राज्य करतो आहे ते कळवा. शक्तिमान असो, कुणी परदेशातला लाल-निळा असो की तुमच्या आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीतला कोणी असो. त्याचा नुसता पराक्रम लिहू नका, एक गुण लिहा, आणि तो गुण घरात कुणाच्या अंगी थोडासा उतरला तेही लिहा. पुढच्या आठवड्यात आपण परत आपल्या वाटेला लागू. आंब्याचे दिवस जवळ आले आहेत, तेव्हा लोणच्याला फोडी कशा निवडाव्यात आणि बरण्या कशा कोरड्या कराव्यात ते पाहू. तोवर गच्चीची कडी तेवढी आजच बघून ठेवा.